हाताला काही लागेना

नवी गाडी आली तेव्हा बाबा म्हणाले,
चाक छान हलकं आहे, करंगळीनं फिरतं.
आठवड्यानं म्हणाले, जरा जास्तच हलकं आहे.
महिन्यानं काहीच म्हणाले नाहीत,
नवलख्याला दुभाजकावर टायर घासून आले
आणि किल्ली फ्रिजवर ठेवून दिली.

रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले,
"मुकं आहे गं ते.
मी सांगतो ते ऐकतं. मला काही सांगत नाही.
हाताला काही लागेना."

या माणसानं एकोणीस वर्षं
वर्तमानपत्रांचे गठ्ठे इंदूरहून खंडव्याला नेले,
परातीएवढ्या चाकाच्या मेटॅडोरमधून, रात्री दोनला.
एक दिवा गेलेला असला तरी निघायचे.
भेरूघाटात कुठे डांबर सुटलंय, कुठे खडी वर आलीय,
मागचा कोणता टायर हळूहळू बसतोय,
हे त्यांना तळव्यात कळायचं,
शिंप्याला कापडाचं उभं-आडवं कळतं तसं.

लसूडियाच्या गॅरेजात लखन पटेरियानं
आधी हवा पाहिली. अडतीस होती, बत्तीसवर आणली.
कॉलमचा खालचा जोड अडकत होता, त्याला ग्रीस दिलं.
कॅस्टर थोडा मागे ओढला,
वळण संपलं की चाकानं आपणहून घरी यावं म्हणून.
सेन्सरचा शून्य जागेवर नव्हता,
लॅपटॉप जोडून तो जागेवर बसवला.
"शून्यसुद्धा सरकतो, दीदी," म्हणाला. "सगळ्यांचाच."

बाबा देवास नाक्यापर्यंत चक्कर मारून आले.
उतरले. मान हलवली. नाही.

मग लखननं चालवली. मग मला चालवायला लावली.
मला कळत होतं:
गटाराचं झाकण, नळासाठी खणून बुजवलेली पट्टी,
सगळं बारीक, मोटरच्या आडून,
भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखं,
पण येत होतं.

"काका, हाथ दिखाओ."
त्यानं खिशातून फीलर गेज काढलं,
व्हॉल्व्हची फट मोजायच्या त्या पोलादी पात्या.
डोळे मिटायला सांगितले
आणि सगळ्यात जाड पाती
बाबांच्या तर्जनीच्या टोकावर टेकवली.

बाबा वाट पाहत राहिले.
कंप्रेसर बंद पडला, पुन्हा सुरू झाला.
"ठेव की रे," म्हणाले.

पंधरा वर्षांची साखर.
डॉक्टर दर वेळी तळपाय तपासायचे.
हातांचं कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

लखननं पाती पुसली, मिटली, खिशात टाकली.
माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं केलं.
मोटरची मदत कमी केली.
थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला,
आणखी कमी केली.
"बोटं ऐकत नसतील तर खांद्याला सांगू."

रविवारी बाबांनी गाडी काढली.
तेजाजीनगर गेलं, सिमरोल गेलं,
दोन्ही हातांनी चाक धरून, कोपरं बाहेर,
मेटॅडोरमध्ये बसल्यासारखे ते बसले होते.
घाटात तिसऱ्या वळणावर
त्यांनी एकदम पाय काढला.
मला काहीच दिसलं नव्हतं.
मग दिसलं, ट्रकमधून सांडलेली वाळू,
पसरलेली, रस्त्याच्याच रंगाची.

"चाक हलकं झालं," म्हणाले.
आणि दोन वळणांनंतर,
"जड होतं म्हणून कळलं."
मग उजवा खांदा चोळला. दुखतोय म्हणाले,
मधल्या काळात कधी न ऐकलेल्या आवाजात.

आता सोमवारी मीच ही गाडी ऑफिसला नेते.
तळघरातल्या पार्किंगला मनगटं भरून येतात.
शाल्मलीनं एकदा बसून पाहिली, चाक वळवून पाहिलं,
म्हणाली, अगं, हे दुरुस्त करून घे ना.

म्हटलं, केलंय.